बाबा अडले ते पान

बाबा पुन्हा पाचव्या पायरीवर अडले. कालच ही पायरी त्यांनी झटक्यात पार केली होती.

"काय गं हे? धड लिहायला काय होतं तुला?" स्क्रीनवर बोट ठेवून ते म्हणाले.

"बदलते," मुलगी म्हणाली. बोलणी खाऊनही तिला बरंच वाटलं. चूक पानात असली की दुरुस्त करता येते.

छोट्या वाचनालयांसाठीचं ते एक फुकट सॉफ्टवेअर होतं. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं असं. ते कसं वापरायचं हे लिहून काढायचं काम मुलीनं आपणहून अंगावर घेतलं होतं. लिहिलेलं प्रत्येक पान ती आधी बाबांपुढे ठेवी. बाबांनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि लिफ्टबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांना तितकीच वर्षं शिव्या घातल्या होत्या. वाचणारा अडला की चूक लिहिणाऱ्याची, हा त्यांचा कायदा. सुरुवातीला त्यांनी लेकीची अशी पिसं काढली की ती रडायचीच बाकी होती. पण पानं सुधारली.

या वर्षी मात्र ते जुन्याच पायऱ्यांवर अडू लागले. तिनं वाक्यं तोडली. चित्रं घातली. चित्रांवर लाल बाण काढले. अकरा पायऱ्यांच्या एकोणतीस झाल्या. कधी तोंडही न पाहिलेल्या लोकांनी तिला कळवलं, इतकं सोपं पान आख्ख्या प्रकल्पात दुसरं नाही. ते वाचून तिनं पान पुन्हा उघडलं आणि आणखी एक बाण काढला.

बाबा असे अडतात हे परगावच्या भावाला ती फोनवर सहज बोलून गेली, तर तो म्हणाला, "ताई, पानं कसली बदलतेस? बाबांना डॉक्टरकडे ने."

"लांबून शहाणपणा शिकवू नकोस. पान अवघड आहे," असं म्हणून तिनं फोन ठेवला. पान अवघड नाही म्हणायचं, तर बाबांचंच काहीतरी बिघडलंय असं म्हणावं लागलं असतं. ते काही केल्या तिच्या जिभेवर येईना.

पाचवी पायरी तिनं पुन्हा लिहिली. आता त्यात एकच ओळ उरली. 'या चौकोनात तुमचं नाव लिहा.'

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा पुसला. ओळीखालून बोट फिरवत त्यांनी ती मोठ्यानं, न चुकता वाचली. मग त्यांची बोटं कीबोर्डवर टेकली आणि तिथेच राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. गाडी लागली, दार आपटलं, तो माणूस निघूनही गेला. बाबा चौकोनाकडे बघतच होते.

तिला ते बघवेना. "माझंच चुकलं, बाबा," ती घाईघाईनं म्हणाली. "नीट लिहिलंच नाहीये मी. थांबा, बदलते." तिनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

बाबांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे. पान चांगलं आहे गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत तिच्या एकाही पानाला त्यांनी चांगलं म्हटलं नव्हतं. "आता मला दाखव कुणाला तरी."