तारेचे दात

"दुकानातली तयार पाती नकोत. करवतीची तार तुझी, तिचे दातही तूच पाडायचे," लौ आजोबांनी बजावलं होतं. एका तारेनं फळीवर आखलेलं आठ पाकळ्यांचं अख्खं कमळ कापलं, तरच ते रुओलानला कोरीवकाम शिकवणार होते. आधीच्या पाच तारा छिन्नीचे घाव खोल बसून तुटल्या. सहावीवर तिनं हलक्या हातानं दात पाडले, ती फळीच्या भोकातून ओवली आणि बांबूच्या धनुकलीवर ताणली. सात पाकळ्या सुटल्या. आठवीत तार टणकन तुटली. "झालं! जा पोरी घरी, भात निवला असेल." "तार तीच आहे, आजोबा. आखूड झाली एवढंच." तिनं मोठ्या तुकड्याला नवा फास वळला, धनुकली गुडघ्यावर दाबून आणखी वाकवली, तार चढवली आणि आठवी पाकळी सोडवली. आजोबांनी कडांवरून अंगठा फिरवला. "मला हे सुचायला दोन वर्षं लागली. उद्या लवकर ये."