दोन बोटांची अडचण

या, जरा जवळ सरका, धाकूमामांची गोष्ट ऐका.

विसर्जनाला निघालेली बोरीवलीची गणेशमूर्ती पुलाखाली दोन बोटांसाठी अडली. मेकॅनिक धाकूमामांनी ट्रकच्या सस्पेन्शनमधली हवा सोडली, तसं ट्रेलरचं तोंड खाली आलं. मागचे स्प्रिंगचे पाटे मात्र दबेनात.

"वजन पाहिजे," धाकूमामा म्हणाले. "मागून चालणाऱ्या भजनाच्या आज्यांना वर घ्या."

"वर गर्दी नको," म्हणत सकाळीच भजनातल्या मालनआजीला खाली उतरवणारे मंडळाचे अध्यक्ष आता स्वतःच हात देऊन आज्यांना वर घेऊ लागले. वीस जणी टाळ घेऊन बाप्पाच्या पायाशी बसल्या, ट्रेलर दबला आणि मूर्ती अलगद पार झाली.

"चला आजी, उतरा आता," अध्यक्ष म्हणाले.

"बसू दे रे त्यांना," धाकूमामा म्हणाले. "पुढं अजून एक पूल आहे."



चौपाटीपर्यंत दुसरा पूल नाही, हे अध्यक्षांनाही ठाऊक होतं. ते गालात हसले.

बाप्पाला हात जोडाल, तेव्हा आमच्या धाकूमामांनाही आठवा.