पाद्र्यांचा झगा

"उमेदवाराच्या अंगावर झगा हवाच, काका. त्याशिवाय पदवी मिळणार नाही," दीक्षान्त सभागृहाच्या दारावरचे प्राध्यापक म्हणाले.

"उमेदवार मार्चमध्येच वारली, सर. मी तिचा नवरा."

"वाईट झालं. पण नियम आहे."

मे महिन्यातलं चंद्रपूर, त्यात वीज गेलेली. प्राध्यापकांच्या जाड काळ्या झग्यातून घाम ठिबकत होता. बायकोची पीएचडी मध्ययुगीन युरोपावरच होती. ती हसून सांगायची, "हे झगे तिकडच्या गारठलेल्या पाद्र्यांचे. आठशे वर्षं झाली, आपल्या विद्यापीठांची हुडहुडी काही जात नाही."

मी झगा घेतला, पिशवीतून तिचा फोटो काढला आणि त्याला नीट पांघरवला. कॉलर सरळ आहे ना, एवढं पाहून प्राध्यापकांनी आम्हाला आत सोडलं.

भरल्या सभागृहात घाम न आलेली ती एकटीच होती.