तळ्यातलं बियाणं

"ही एवढी होती," दगडोबा म्हणाला आणि त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत हात लांब करून दाखवला.

"सोडली?" व्यंकटीनं विचारलं.

"सोडली. न सोडून करतो काय? तुजा नेम हाय ना."

नेम खरं तर व्यंकटीचा नव्हता. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा नव्या कचेरीतले एक साहेब जीपमधून शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या या गावात आले होते. आटत चाललेलं तळं पाहून ते म्हणाले, "आमच्याकडून मत्स्यबीज मिळायला वेळ लागेल. अजून बसायला खुर्च्या आल्या नाहीत. पाऊस पडेपर्यंत गळाला मरळ लागली तर परत पाण्यात सोडा. दोन-चार जोड्या जगल्या तरी तळं पुन्हा नांदेल." साहेब गेले ते गेलेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? व्यंकटीनं मात्र त्यांचा शब्द धरून ठेवला आणि बाकी दोघांकडूनही पाळून घेतला.

गळ टाकणारे आता हे तिघेच उरले होते. व्यंकटी पहाटे तळ्यावर जाई, मग दुष्काळी कामावर खडी फोडायला. दगडोबा दुपारी शेळ्या घेऊन जाई. निवृत्ती काम सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत बसे. नंतर तिघं लिंबाखाली जमत आणि कुणाला काय लागलं ते सांगत. कोण किती लांब हात दाखवतो यावर दिवसाचा मोठेपणा ठरे. गळवाल्याच्या हाताला तशीही थोडी वाढ असतेच, हे गावाला माहीत होतं.

"सोडायचीच, तर धरता कशाला?" लोक विचारत.

"सवय," दगडोबा म्हणे. ते खरं होतं. पेरणी नाही, बाजार नाही, जावंसं वाटेल असं कुठं काही उरलं नाही. दोरीला हिसका बसला की तेवढ्यापुरतं बरं वाटे, एवढंच.

पण नियमावरून खटके उडत.

"मान्साला खायला न्हाई आन् माशाला माफी," दगडोबा म्हणे.

"आज खाशील. पुढल्या साली काय दगड खाशील?"

"दगड तर सगळं गाव फोडूनच राहिलंय. एकदा खाऊनबी बघू."

निवृत्ती या वादात पडत नसे. त्या दिवशी मात्र तोच बोलला.

"मला एक मरळ पाहिजे. घरी न्यायला."

दोघंही त्याच्याकडं बघत राहिले.

"जगदेवीला दूध उतरून न्हाई राहिलं. पोरगं रडून रडून निळं पडतंय. धुरपताबाई म्हनली, मरळीचं कालवण पाजा."

जगदेवी त्याची लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. धुरपताबाई गावाची सुईण; तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

व्यंकटीनं मान हलवली. "एकाला दिली की दुसरा येतो, निवृत्ती. मग बियाणंच राहत न्हाई."

"इचार तर कर," दगडोबा म्हणाला. "माज्या धा झाल्या. तुज्या किती?"

"बारा-तेरा," व्यंकटी जमिनीकडं बघत म्हणाला.

"तुज्या, निवृत्ती?"

"असतील सात-आठ."

"तीसभर झाल्या. काई दोनदा लागल्या आसतील, तरी पंधरा कुठं गेल्या न्हाईत. पंधरातली एक गेली तर तळं काय रांडवं व्हतंय?"

व्यंकटीनं दोघांकडं पाहिलं. तो थकला होता. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी पुन्हा नाही म्हणायचं, हे त्याला झेपेना.

"ने," तो म्हणाला. "पर एकच."

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडता बुडता निवृत्तीला मरळ लागली. त्यानं ती हातात धरून तोंडाकडून नीट पाहिली. एकदा तर पाण्याकडं वाकलाही. मग तिला पंच्यात गुंडाळून घरी घेऊन आला.

त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, कालवण केलं. जगदेवी दोन वेळा पोटभर जेवली. तिसऱ्या सकाळी बाळ प्यायलं आणि आईच्या कुशीतच झोपून गेलं. सरजाबाईनं गल्लीभर सांगितलं. निवृत्ती त्या दिवशी खडी फोडताना गुणगुणत होता, आणि असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

पंधरवड्यात तळं गुडघ्यावर आलं. आता उरलेल्या मरळी हलवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गावातल्या अण्णारावांच्या विहिरीला तेवढं पाणी टिकून होतं. अण्णारावांच्या घरी मासळीचं नावसुद्धा कुणी काढत नसे, तरी ते म्हणाले, "आणून सोडा. जीव हाय, राहू द्या." ते स्वतः काठावर येऊन उभे राहिले.

तिघं चिखलात उतरले. सरजाबाईचं जुनं लुगडं दोन टोकांनी ताणून दगडोबा आणि निवृत्तीनं या काठापासून त्या काठापर्यंत ओढलं. व्यंकटी पाण्यानं भरलेली घागर घेऊन मागं चालला. लुगड्यात शिंपले आले, शेवाळ आलं, एक फाटकी चप्पल आली. पुन्हा ओढलं. मग आडवं ओढलं.

"कुठं हायत मासे?" अण्णारावांनी काठावरून विचारलं.

गढूळ पाणी हळूहळू स्थिर झालं.

दगडोबानं मान वर न करताच विचारलं, "निवृत्ती, तू नेली ती... एका डोळ्यानं आंधळी व्हती का?"

"व्हती," निवृत्ती म्हणाला. "मला दरखेपेला तीच लागायची. सांगायची लाज वाटली. म्या म्हनलं, बाकीच्या तुमच्याकडं हायतच."

दगडोबाच्या हातातून लुगड्याचं टोक सुटलं.

"माज्याबी," व्यंकटी घागर खाली ठेवत म्हणाला, "सगळ्या आंधळ्याच व्हत्या."