दुसऱ्या ओळीतला सूर

आबांच्या मनगटावरची पट्टी उजळली. घालणाऱ्याच्या मनात वाजणारं गाणं ती घरभर ऐकवायची, कारणासकट.

“कारण: कढीची फोडणी,” मृण्मयीनं वाचलं. पाठोपाठ आईचा आवाज स्वयंपाकघरात तरंगू लागला. आई गेली होती, आणि आबांची स्मरणशक्ती विरत चालली होती. हा आवाज आता फक्त त्यांच्याच मनात उरला होता.

“दुसऱ्या ओळीत सूर चुकतो आहे. आठवणीत कायमचा सुधारू का?” पट्टीनं विचारलं.

आबांचं बोट ‘हो’कडे वळलं.

“आबा, थांबा!”

“अगं, चुकतंय की ते!”

“आईच चुकायची तिथे. तळहातावर कढी चाखत गायची ना!”

“आणि तरी मीठ कमीच,” आबा हसले. बोट मागे आलं.

मृण्मयी पुन्हा कढी ढवळू लागली. थोड्या वेळानं तिच्याही मनगटावरची पट्टी उजळली. तेच गाणं, दुसऱ्या ओळीत तसंच चुकलेलं.