सजीव की निर्जीव

वाद घालायची इतकी खोड, की अतिदक्षता विभागातले सगळे त्या शिकाऊ डॉक्टरला 'वकील'च म्हणत. त्या दुपारी जरा उसंत मिळाली, आणि त्याच्याबरोबर ड्युटीवर असलेल्या मैत्रिणीनं त्याला मुद्दाम डिवचलं, "काय रे, विषाणू सजीव की निर्जीव?" वकिलाला तेवढंच पुरलं.

"सजीव कसला डोंबलाचा! स्वतःचा श्वास नाही, स्वतःहून खाणं नाही. दुसऱ्याच्या जिवावर नुसतं पडून राहायचं, याला काय जगणं म्हणतात?"

"अरे, हळू बोल," ती हसू दाबत म्हणाली.

"का हळू? मी तर सगळ्यांसमोर सांगेन. जिवंत नाहीच तो!"

तेवढ्यात शेजारचा पडदा सरकला. आत श्वासाच्या मशीनवर असलेल्या पेशंटची बायको बाहेर आली.

"डॉक्टर, असं नका हो म्हणू. जिवंत आहेत ते. मी हाक मारली की माझं बोट धरतात."

वकील घाईघाईनं म्हणाला, "मावशी, अहो, आम्ही यांच्याबद्दल नव्हतो बोलत. तो विषाणू..." आपण काय काय बोललो, ते आता त्याला तिच्या कानांनी ऐकू येत होतं. शरमेनं त्याची मान वर होईना.

तिचं मात्र त्याच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. बाही धरून तिनं त्याला खाटेपाशी नेलं, नवऱ्याच्या मुठीत आपलं बोट सरकवलं आणि वाकून त्याच्या कानाशी म्हणाली,



"अहो, एकदा घट्ट धरा ना. डॉक्टर बघतायत."