ताणकाटा

तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला, वाचाही गेली. हाताच्या व्यायामासाठी मी तिच्याच प्रयोगपेटीतला स्प्रिंगचा ताणकाटा कपाटाच्या कडीला अडकवला. ती रोज ओढायची, पण तीन महिने काटा शून्यावरून हलला नाही.

आज हलला! एक... दीड... दोन!

“आई! अगं, दोन किलो बल लावलंस तू!” मी किंचाळलेच. बाबा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आले.

आईच्या कपाळावर आठ्या पडल्या. ओठ थरथरले.

“किलो... नाही. वीस... न्यूटन.”

बाबांनी ओल्या हातांनीच तिचा हात धरला. मी डोळे पुसले आणि मुद्दाम विचारलं, “म्हणजे दोन किलोच ना?”